चादरीचं पत्र

माझ्या नणंदेला जाऊन या महिन्यात सव्वा वर्ष झालं. मी त्यांना वन्सं म्हणायची, त्या मला वहिनी म्हणायच्या. एका छपराखाली आम्ही चौतीस वर्षं काढली आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं तर दोघीच होतो. त्यांच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, पण हातून होत नव्हतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या आधीच या घरात होत्या. त्यांचं स्वतःचं लग्न दीड वर्ष टिकलं होतं. एक पेटी आणि शिवणाचं मशीन घेऊन त्या भावाकडे परत आल्या. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं जायचं की दुसऱ्याचं कपाट उघडं दिसलं तरी आत बघू नये. ती शिकवण मी जरा जास्तच पाळली.

वन्सं इस्पितळाच्या लिननरूममध्ये कामाला होत्या. एकतीस वर्षं. लिननरूम तळघरात होती. डोक्यावरून गरम पाण्याचे पाइप गेलेले, आणि एकच खिडकी, तीही फुटपाथच्या पातळीवर. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. वन्सं बुटांवरून डॉक्टर ओळखायच्या. धुलाईतून आलेली प्रत्येक चादर त्या दिव्यासमोर धरत. जिथे उजेड जास्त येईल तिथे कापड विरलं. चादर नेहमी मधोमधच विरते, कारण माणूस मधोमध झोपतो. मग ती चादर उभी मधून फाडायची, दोन्ही तुकड्यांच्या बाजू बदलायच्या, म्हणजे कडेचं धड कापड मध्ये येतं आणि विरलेलं कडेला जातं. मध्ये जोडायचं, कडा दुमडायच्या. चादर आणखी दोन-तीन वर्षं चालते.

इस्पितळात त्यांना टाकेवाल्या बाई म्हणत. एक मोठे सर्जन एकदा खाली आले होते आणि म्हणाले, "या इमारतीत टाके घालणारे आपण दोघंच."

वन्सं मान वर न करता म्हणाल्या, "तुमचे आठवड्याने काढावे लागतात. माझे राहतात."

ही गोष्ट त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितली होती, आणि नंतर पुन्हा कधी सांगितली नाही. स्वतःचा विनोद दोनदा सांगणं त्यांना आवडत नसे.

शाळा चौथीनंतर सुटली होती, पण वाचनाचं वेड जबरदस्त. डबा खायला अर्धा तास मिळायचा, त्यातली दहा मिनिटं डबा आणि वीस मिनिटं पुस्तक. वाचनालयातली बरीच पुस्तकं त्यांनी पालथी घातली, आणि त्यातून एका लेखकावर त्यांचं मन बसलं. बाकीच्यांची पुस्तकं त्या वाचून परत करत, याची विकत घेऊन राखत. "हा माणूस खोटं बोलत नाही," एवढंच त्यांचं समीक्षण.

म्हणूनच एके दिवशी त्या घरी आल्या त्या रागावून. पिशवी खुर्चीवर टाकली आणि म्हणाल्या, "वहिनी, कागद घे. या माणसाला पत्र लिहायचंय."

"कुणाला?"

"लेखकाला. त्याने चादर चुकवलीय."

त्यांच्या लाडक्या लेखकाच्या नव्या कादंबरीत एक मुलगी अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी जुनी चादर मधून फाडते आणि पुन्हा जोडते. लेखकाला एवढं माहीत होतं हेच विशेष. पण जोडताना त्याने दोन्ही काठ एकावर एक चढवले होते आणि मशीनवर दुहेरी शिवण घातली होती. आणि त्या चादरीवर ती आई पाच महिने उताणी पडून होती.

"तू लिही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तो बिचारा वाचायचाही नाही."

माझं अक्षर चांगलं होतं, हे मी नाकारत नाही. शाळेत त्यासाठी हातावर पट्ट्या खाल्ल्या होत्या. प्रत्येक अक्षर गोल आणि सुटं, आणि शब्द पुरा झाला की वरची रेघ एका दमात, दोन्ही टोकांना किंचित पुढे काढलेली. मी कागद घेतला. वन्सं कपड्यांना इस्त्री करता करता सांगत होत्या.

"लिही. अशा शिवणीवर पाच महिने झोपली तर बाईची पाठ सोलून निघेल."

मी लिहिलं, "पाठीला इजा होण्याची शक्यता आहे." पुरं झाल्यावर वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

"मी काय डॉक्टर आहे? सोलून निघेल म्हणाले ना मी? सोलूनच लिही."

मी नवा कागद घेतला. त्या पत्रातलं शेवटचं वाक्य असं होतं: 'तुमच्या मुलीचा आईवर जीव आहे असं तुम्ही म्हणता, मग तिने काठाला काठ भिडवून हातानेच शिवलं असतं, मध्ये उंचवटा येऊ दिला नसता.' खाली त्यांचं नाव घातलं, कामाचं ठिकाण घातलं आणि पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर टाकलं.

दीड महिन्याने उत्तर आलं. लेखकाने लिहिलं होतं की आपल्या पुस्तकांवर खूप लोकांनी खूप लिहिलं, पण माणसाचा जीव कुठे आहे हे शिवणीवरून ओळखणारं पत्र हे पहिलंच. शेवटचं वाक्य त्याने जसंच्या तसं उतरवून त्याखाली रेघ मारली होती. पुढच्या आवृत्तीत मुलगी हाताने शिवू लागली.

मी त्या वाक्याचा एक कानामात्राही बदलला नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवते.

हे पहिलं धरून अकरा वर्षांत अशी सात पत्रं गेली. पद्धत ठरलेली होती. त्या सांगत, मी लिहीत असे, मग वाचून दाखवत असे, त्या दुरुस्त करत, आणि त्यांनी "हां, आता जाऊ दे" म्हटल्याशिवाय पाकीट बंद व्हायचं नाही. माझे यजमान चेष्टा करायचे. म्हणायचे, "बहीण बोलते, बायको लिहिते. त्या माणसाला दोन बायका एकदम सांभाळाव्या लागतायत."

आणि मग वर्तमानपत्रात आलं की लेखक आमच्या शहरात येणार, अमुक पुस्तकांच्या दुकानात शनिवारी दुपारी चार ते सहा वाचकांना सह्या देणार.

वन्संनी रजा टाकली. इतक्या वर्षांच्या नोकरीत आजारपण सोडून त्यांची ही पहिली रजा असेल. कोणतं पुस्तक न्यायचं यावर दोन दिवस चर्चा झाली. मी म्हटलं नवी आवृत्ती न्या, त्यात तुमची दुरुस्ती आहे. त्या म्हणाल्या, "नाही. जुनीच नेईन. चूक त्यांची आहे, तिच्याखाली सहीही त्यांचीच पाहिजे."

शुक्रवारी संध्याकाळी भांडी पुसताना त्या एकदम म्हणाल्या, "वहिनी, मला त्यांना एक विचारायचंय."

"मग पत्रातच का नाही विचारलंत?"

"हे तोंडानेच विचारायचं. पत्रात विचारलं की माणूस विचार करून उत्तर देतो."

काय विचारायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण त्यांना तिथे जायचं होतं ते त्या प्रश्नासाठी, आणि ती पत्रं सांगणारी बाई आपण, हे त्या माणसाच्या तोंडावर एकदा सांगण्यासाठी. मला हे पुरतं माहीत होतं.

दुकान अरुंद होतं. रांग कपाटांमधून वळसे घेत दारापर्यंत आली होती. दुकानातली एक मुलगी प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी देत होती. "ज्यांच्या नावाने सही हवी ते नाव स्वच्छ लिहा. सरांना विचारत बसायला नको." वन्संनी चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. "तू लिही." मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, नेहमीसारखं.

पाऊण तास उभं राहिल्यावर पुढे दोनच माणसं उरली. वन्संच्या कपाळावर घाम आला होता. "तू आधी हो," त्या म्हणाल्या. "मी जरा दम घेते, मग बोलते." माझी पर्स, त्यांची पिशवी आणि छत्री, सगळं त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि पुस्तक माझ्याकडे दिलं.

मी पुस्तक टेबलावर ठेवलं, वर चिठ्ठी. लेखक थकलेले दिसत होते. त्यांनी पुस्तक उघडायला हात घातला आणि चिठ्ठीकडे बघून थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे अक्षर मी ओळखतो," ते म्हणाले. "चादरीचं पत्र. तुम्हीच ना?"

मी म्हटलं, "अक्षर माझंच आहे."

शब्द खरे होते. मी आजवर ज्या थोड्या गोष्टी खोट्या बोलले, त्यांत इतकं सफाईदार खोटं दुसरं नसेल.

ते उठून उभे राहिले. दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. माझ्यासाठी तोवर कुणी उभं राहिलं नव्हतं. मी घर नीट चालवलं, दोन मुलांच्या वह्यांना कव्हरं घातली, नवऱ्याच्या कचेरीतले अर्ज नीटनेटके लिहून दिले, आणि सगळ्यांनी ते गृहीत धरलं. ही सबब म्हणून लिहीत नाही. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते आहे. मला छान वाटलं.

"मी इतके दिवस विचार करत होतो, या बाई कशा असतील," ते म्हणाले. "दिवसाला किती चादरी होतात हो?"

"चाळीस-पंचेचाळीस," मी म्हटलं.

मला सगळं ठाऊक होतं. अकरा वर्षं मी ते लिहून घेत होते. दिव्यासमोर चादर कशी धरतात ते मी सांगितलं. खिडकीतून पाय दिसतात ते सांगितलं. आणि मग, अजून लिहिताना हात अडतो, सर्जनची गोष्ट सांगितली. "तुमचे काढावे लागतात, माझे राहतात, असं म्हटलं मी त्यांना." लेखक इतके हसले की मागच्या रांगेतले लोकही हसले.

मग त्यांचं लक्ष माझ्या मागे गेलं. "आणि या?"

तेव्हाही वेळ होती. मागे वळून 'याच त्या' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हटलं, "माझ्या नणंदबाई."

लेखकांनी त्यांच्याकडे बघून अदबीने मान लववली. "तुम्हीही वाचता?"

वन्संच्या एका हातात माझी पर्स आणि पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"वेळ मिळाला तर," त्या म्हणाल्या.

लेखकांनी पुस्तकावर वन्संचंच नाव घातलं, कारण चिठ्ठीवर तेच होतं. खाली लिहिलं: 'माझी चूक हळुवार हाताने सुधारणाऱ्या बाईंना.' अक्षर न अक्षर बरोबर. फक्त पुस्तक दिलं ते माझ्या हातात.

बसथांब्यावर मी म्हटलं, "वन्सं, मी सांगणारच होते."

"गर्दी होती," त्या म्हणाल्या आणि माझी पर्स मला दिली.

"तुम्ही का नाही बोललात?"

"काय बोलू? माझी भावजय खोटं बोलतेय म्हणू? चारचौघांत?"

बस आली. खिडकीजवळची जागा त्यांनी मला दिली, नेहमी देत तशी. थोड्या वेळाने मी म्हटलं, "आपण उद्याच त्यांना पत्र लिहू. सगळं स्पष्ट करून टाकू."

त्या समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होत्या.

"कुणाच्या अक्षरात?" त्या म्हणाल्या.

घरी यजमान दारातच. "काय, भेटले का तुझे लेखक?"

"भेटले," वन्संनी चपला काढल्या. "माणूस चांगला आहे. उठून उभा राहिला."

"तुझ्यासाठी? अरे वा."

"उभा राहिला ना? झालं तर." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. मी तिथेच होते, आणि गप्प होते. म्हणजे एका दिवसात मी त्यांना दुसऱ्यांदा तसंच मागे उभं ठेवलं, आणि या वेळी माझी बाजूही त्यांनाच सावरावी लागली. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी लिहिलं आहे: 'पुस्तकावर सही मिळाली. परतीची बस लगेच मिळाली.' गवळ्याने किती मिनिटं उशीर केला तेही लिहिणारी मी. त्या पानावर बाकी काही नाही.

त्यानंतर त्यांनी एकही पत्र सांगितलं नाही. पुस्तकं वाचायच्या, त्या लेखकाचीही. माझ्याशी वागण्यात तसूभर फरक नाही. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दोन वर्षांनी लेखकाच्या लेखांचं पुस्तक आलं. त्यात एक लेख होता, इस्पितळाच्या तळघरात चादरी सांधणाऱ्या एका वाचक बाईंवर. सोनेरी काड्यांचा चष्मा, शांत आवाज, मोत्यांसारखं अक्षर, आणि सर्जनला दिलेलं ते उत्तर. वन्संनी तो लेख खिडकीशी बसून शेवटपर्यंत वाचला. मग पुस्तक मिटून माझ्यासमोर ठेवलं.

"चांगलं लिहिलंय. तुझा चष्मा छापून आला बघ."

मी म्हटलं, "वन्सं, मला माफ करा."

"भाजी करपतेय," त्या म्हणाल्या. करपत होती हेही खरं.

त्यानंतरच्या वर्षी यजमान गेले. वन्सं निवृत्त झाल्या. मुलं आपापल्या ठिकाणी. घरात आम्ही दोघी आणि एक रेडिओ. त्या शांततेत ती गोष्ट मला जास्तच छळायला लागली, आणि एका दुपारी, वन्सं दवाखान्यात डोळे तपासायला गेल्या असताना, मी लेखकाला पत्र लिहिलं. चार पानी. सगळं कबूल केलं. वन्संना येताना बघून घाईघाईने पाकीट चिकटवलं आणि संध्याकाळी टाकून आले. त्यांना सांगितलं नाही. उत्तर आलं की ते त्यांच्या हातात ठेवायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

उत्तर आलं ते छापील कार्ड. लेखकांच्या प्रकृतीमुळे पत्रव्यवहार कायमचा बंद केला आहे, आलेली पत्रं त्यांना वाचून दाखवता येत नाहीत, वाचकांनी समजून घ्यावं. खाली मुलाची सही. पत्रपेटी वन्संनी उघडली होती. त्या कार्ड घेऊन स्वयंपाकघरात आल्या. त्यावर माझं नाव होतं.

"तू लिहिलं होतंस?"

"हो."

"काय लिहिलंस?"

"खरं होतं ते सगळं."

त्या समोर बसल्या. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यामुळे डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होत्या.

"मला वाचून दाखवलं नाहीस," त्या म्हणाल्या.

सात पत्रं मी त्यांना वाचून दाखवल्याशिवाय टाकली नव्हती. आठवं त्यांच्याविषयीचं होतं, आणि तेवढंच न वाचून दाखवता टाकलं.

"आता सांग. काय काय होतं त्यात?"

मी आठवेल तसं सांगायला लागले. मला किती वाईट वाटलं, मला झोप लागत नाही, माझ्या शाळेत मला काय शिकवलं होतं, मी कशी मोहात पडले. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की चार पानांत मीच मी होते. वन्सं दोनदाच आल्या होत्या, एकदा 'माझ्या नणंदबाई' म्हणून आणि एकदा 'त्या बिचाऱ्या' म्हणून.

त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"आणि माझा प्रश्न? तो घातलास का?"

"तो तुम्ही मला कधी सांगितलाच नव्हता."

"तू कधी विचारलास?"

मी विचारलं. इतक्या वर्षांनी, ओट्यावर दूध तापत असताना विचारलं, "वन्सं, काय विचारायचं होतं तुम्हाला?"

त्यांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"ती आई पाच महिने पडून होती ना. मुलगी दिवसभर कामावर. शिवण सपाट असली म्हणून काय झालं, माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. मला विचारायचं होतं, दिवसा तिला कोण वळवत होतं?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

"तुला कसं माहीत असणार," त्या म्हणाल्या, आणि दूध उतू जाईल म्हणून उठल्या.